लॉनवर्क्स उपकरणाचा इंटरफेस : स्थिर, बदलत्या प्रकाराचा की गतिमान?

लॉनवर्क्स म्हणजे इमारतीतील सेन्सर, नियंत्रक अशी उपकरणे जोडणारे नियंत्रण नेटवर्क. त्यासाठी नवे उपकरण तयार करताना कोडची पहिली ओळ लिहिण्याआधीच एक निर्णय घ्यावा लागतो. नेटवर्क व्हेरिएबल्स (ज्यांतून उपकरणे एकमेकांना मूल्ये पाठवतात) कंपाइल करतानाच कायमची ठरवायची, त्यांचा प्रकार साइटवर बदलू द्यायचा, की उपकरण बसवल्यानंतर नवी व्हेरिएबल्स निर्माण करण्याची मुभा ठेवायची? या निर्णयाचे परिणाम प्रोग्रामरपेक्षा इमारतीत बाइंडिंग करणाऱ्या, म्हणजे उपकरणांची व्हेरिएबल्स एकमेकांना जोडणाऱ्या, इंटिग्रेटरला अधिक जाणवतात, कारण त्याच्या हाती आपला सोर्स कोड नसतो, केवळ व्हेरिएबल्सची माहिती देणारी इंटरफेस फाइल असते. म्हणून तिन्ही पर्याय त्याच्याच बाजूने तपासणे मला योग्य वाटते.

स्थिर इंटरफेसमध्ये व्हेरिएबल्सची संख्या, क्रम, नावे आणि प्रकार पक्के असतात. ती लॉनमार्क या प्रमाणीकरण संस्थेच्या प्रमाण फंक्शनल प्रोफाइलनुसार (उपकरणाच्या कामाचा नमुना) फंक्शनल ब्लॉकमध्ये, म्हणजे कामानुसार गटांत, मांडली आणि प्रमाण प्रकार वापरले, तर दुसऱ्या कंपनीचे उपकरणही विनासायास जोडता येते. मर्यादाही माहीत असाव्यात : एका व्हेरिएबलमध्ये जास्तीत जास्त ३१ बाइट मावतात, आणि लॉनवर्क्स उपकरणांतील जुन्या न्यूरॉन ३१२० व ३१५० चिपवर एका उपकरणात ६२ व्हेरिएबल्सच बसतात. थर्मोस्टॅट, डॅम्पर, दिव्यांचे नियंत्रक अशा ठरावीक कामाच्या उपकरणांना एवढे सहसा पुरते.

सर्वाधिक सावधगिरी दुसऱ्या पर्यायात लागते. एकच सेन्सर मॉड्यूल कुठे तापमानासाठी, तर कुठे दाबासाठी वापरायचे असेल, तर प्रकार बदलता येणारे व्हेरिएबल आकर्षक वाटते, आणि त्याची सोय न्यूरॉन सी या न्यूरॉन चिपच्या प्रोग्रामिंग भाषेत आहेही. मात्र रूपांतराची सगळी जबाबदारी ॲप्लिकेशनवर येते. ‘एसएनव्हीटी’ अशा नावांच्या प्रमाण प्रकारांतील ‘एसएनव्हीटी टेम्प पी’मध्ये २१.५ अंश सेल्सिअस हे तापमान २१५० या पूर्णांकाने दर्शवले जाते; ‘एसएनव्हीटी टेम्प’ या जुन्या प्रकारात तेच तापमान २९५५ होते. दोन्ही प्रकार दोनच बाइटचे असल्यामुळे लांबीच्या तपासणीत चूक पकडली जात नाही. ‘टेम्प पी’ऐवजी ‘टेम्प’ असा प्रकार बदलूनही कोड आधीचाच २१५० हा आकडा पाठवत राहिला, तर पलीकडचे उपकरण २१.५ ऐवजी उणे ५९ अंश वाचेल आणि हीटिंग पूर्ण क्षमतेने सुरू करील. म्हणून प्रकार सांगणारी कॉन्फिगरेशन प्रॉपर्टी (उपकरणातील सेटिंग) बदलली की ॲप्लिकेशनने ती तपासलीच पाहिजे, आणि न पेलणारा प्रकार आल्यास त्रुटी दाखवून तो ब्लॉक बंद ठेवला पाहिजे. एवढी तपासणी लिहिण्याची तयारी नसेल, तर प्रत्येक प्रकारासाठी वेगळा स्थिर ब्लॉक ठेवणे कितीतरी सुरक्षित आहे.

गतिमान इंटरफेसचे खरे स्थान गेटवे, डेटा लॉगर आणि देखरेखीच्या सर्व्हरमध्ये आहे. मोजमापाचे किती बिंदू वाचायचे हे तिथे आधी कळणे शक्यच नसते. त्यासाठी व्हेरिएबल्सची नोंद होस्ट प्रोसेसरवरील (न्यूरॉन चिपखेरीज असलेला वेगळा प्रोसेसर) ॲप्लिकेशनने सांभाळावी लागते. साध्या न्यूरॉन सी उपकरणासाठी या पर्यायाचा विचार करू नये.

काही जण हे तिन्ही पर्याय टाळून स्वतःच्या रचनेचे ॲप्लिकेशन मेसेज वापरतात. मोठ्या डेटासाठी ते समर्थनीय आहे, कारण एका मेसेजमध्ये २२८ बाइटपर्यंत डेटा जातो. पण नेहमीची मोजमापे त्यातून पाठवली, तर दुसऱ्या कंपनीच्या उपकरणाला ती समजण्याचा मार्गच उरत नाही.

माझा कल स्पष्टपणे स्थिर इंटरफेसकडे आहे. तो निवडल्यावर मात्र एक शिस्त अटळ ठरते : नव्या आवृत्तीत एखादे व्हेरिएबल वाढवले, वगळले किंवा त्यांचा क्रम बदलला, तर प्रोग्राम आयडीतील (उपकरणाचा प्रकार ओळखण्याचा क्रमांक) मॉडेल क्रमांकही बदलावा. समान प्रोग्राम आयडी असलेल्या उपकरणांचा इंटरफेस समानच आहे असे नेटवर्क टूल गृहीत धरते, आणि तसे नसल्यास बाइंडिंग चुकीच्या व्हेरिएबलवर जाऊ शकते.