आर-15चं फेअरिंग, तेरा हजार रुपये आणि माझाच हेडलाइट

माझी मोटरसायकल, यामाहाची आर-15, सप्टेंबर 2009ची. व्हर्जन वन, काळी. मागचा टायर जेमतेम 100 मिलिमीटर रुंदीचा, त्यामुळे सोसायटीतली पोरं विचारतात, "काका, हिला सायकलचं चाक का लावलंय?" त्यांना काय सांगणार! 2008मध्ये ही गाडी आली तेव्हा दीडशे सीसीला रेडिएटर असतो हे ऐकूनच आम्ही शोरूमबाहेर घुटमळायचो.

2024च्या जूनमध्ये जुन्या कात्रज घाटात वाळूवरून घसरलो. मला फक्त कोपराला खरचटलं. फेअरिंगचा, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या कवचाचा, डावा पॅनेल उभा चिरला आणि हेडलाइटचा एक कान, म्हणजे तो गाडीला जोडायची कडेची पट्टी, तुटला. दुसरा कान 2016मध्येच तुटला होता. तेव्हा मी निळ्या टूथब्रशच्या दांड्याचा तुकडा तापवून तिथे चिकटवला होता आणि वर अराल्डाइट थापलं होतं. दिसायला गलिच्छ, पण आठ वर्षं टिकलं. हा तुकडा लक्षात ठेवा.

सप्टेंबरमध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती, म्हणजे आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग करायचं होतं. फुटक्या तोंडाने नेणार कशी? कंपनीच्या पार्ट काउंटरवर विचारलं. "ऑर्डर टाकतो, कधी येईल सांगता येत नाही," असं उत्तर मिळालं. भावही ऐकला आणि गप्प घरी आलो.

त्याच रात्री मोबाइलवर एक रील आली. माझ्यासारखीच आर-15, पण अख्खं नवं तोंड, मोठ्या सुपरबाइकसारखं, त्यात प्रोजेक्टर लाइट आणि भोवती निळी रिंग. खाली लिहिलेलं: एबीएस प्लास्टिक, इंजेक्शन मोल्डेड, कंपनीच्याच होलवर बसणार, कटिंग नाही, ड्रिलिंग नाही. व्हॉट्सॲपवर विचारलं. "भाई, प्लग अँड प्ले है, बच्चा भी लगा लेगा." किंमत 14,500. जुना हेडलाइट पाठवला तर दीड हजार कमी.

मी म्हटलं, फुटका पॅनेलपण पाठवू का? नको म्हणाला, फक्त हेडलाइट. तिथेच मला वास यायला हवा होता. ज्याला नुसतं भंगार हवं असतं तो पॅनेलही घेतो. पण मी दीड हजार वाचले म्हणून खूश. गाडी तशीही गॅरेजमध्येच उभी होती. हेडलाइट जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून कुरिअरने पाठवला, वरून कुरिअरचे 280 रुपये माझेच. सात हजार ॲडव्हान्स दिला, माल निघण्याआधी उरलेले सहा. दोन्ही वेळा यूपीआयवर वेगवेगळ्या माणसांची नावं आली आणि त्यातलं एकही दुकानाचं नव्हतं. बिल मागितलं तर "बॉक्स में रहेगा" म्हणाला.

बॉक्समध्ये बिल नव्हतं. पॅनेल बाहेर काढला आणि दहा मिनिटांत दोन्ही हात खाजायला लागले. आतली बाजू पाहिली तर काचेच्या धाग्यांची जाळी, त्यावर रेझिन ओघळून वाळलेलं. म्हणजे साधं फायबर, गणपतीच्या मखराला वापरतात तसलं. कंपनीचा पॅनेल उलटा केला की आत >ABS< असं उठावात छापलेलं दिसतं, इथे काहीच नाही. एक सोपी परीक्षा मला नंतर कळली. ॲसिटोन कापसावर घेऊन आतल्या बाजूला लावायचं. एबीएस असेल तर तो भाग चिकट होतो, फायबरला काही होत नाही. आधी कळली असती तरी पुढचं रामायण टळलं नसतं.

कारण मी तरीही तो बसवायला नेला. म्हटलं, फायबर तर फायबर, दिसतोय तर चांगला. आमचे गॅरेजवाले काका एकेक पॅनेल गाडीला लावून बघत होते आणि काही बोलत नव्हते. काका बोलत नाहीत तेव्हा प्रकरण गंभीर असतं. वरचं होल जुळवलं की खालचं बोटभर पुढे जायचं. खालचं जुळवलं की मधे टाकीपाशी फट. शेवटी त्यांनी ड्रिल काढली. मी हो म्हटलं.

ते एक होल मला तेरा हजारांना पडलं. दुसऱ्या दिवशी फोटो पाठवून परत घ्या म्हटलं, तर उत्तर आलं: "फिटिंग के बाद रिटर्न नहीं, होल मारा है आपने." यातली गोम बघा. तो माल बसत नाही हे बसवल्याशिवाय कळत नाही, आणि बसवायला गेलं की परत घेत नाहीत. सगळा धंदाच या फटीवर चालतो. तुमच्यावर अशी वेळ आली तर पॅनेल फक्त मास्किंग टेपने गाडीवर धरा, एकाही स्क्रूला हात लावू नका, न जुळणाऱ्या होलवर पट्टी ठेवून व्हिडिओ काढा आणि तो त्याच दिवशी पाठवा. भोक पाडलं की तुमची बाजू संपली.

असो. बसवला. काकांनी 2,500 घेतले, त्यात अर्धा दिवस झिप टाय आणि एम-सील. गाडी लांबून खरंच झकास दिसत होती. मी फोटो काढले, स्टेटसला टाकले, 40 जणांनी "भाऊ!!" लिहिलं. मग चालवायला घेतली.

पहिली गोष्ट सिग्नलला कळली. हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं की इंजिनचा आवाज आपोआप चढायचा. नव्या तोंडाची आतली कड ॲक्सिलरेटरच्या केबलला दाबत होती. यू-टर्न घेताना गाडी स्वतःहून रेस होणं म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. काकांनी कड ग्राइंडरने खाल्ली. दुसरी गोष्ट रेडिएटरची. मूळ फेअरिंगच्या बाजूच्या खाचा शोभेच्या नसतात, रेडिएटरमधून आलेली गरम हवा तिथून बाहेर पडते. या किटवर खाचा होत्या, पण नुसत्या कोरलेल्या, आरपार नाहीत. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पंखा बंदच होईना आणि एकदा कूलंट उकळून ओव्हरफ्लोच्या नळीतून बुटावर आलं.

आणि लाइट. तो लाइट!

ऑगस्टमध्ये माणगावहून ताम्हिणीमार्गे परत येत होतो. अंधार पडला, पाऊस, घाटात धुकं. लो बीम लावला तर उजेड झाडांच्या शेंड्यावर. रस्त्यावर काहीच नाही, आणि समोर धुक्याची पांढरीफटक भिंत. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारून शिव्या देत होता, बरोबरच होतं त्यांचं. वर-खाली करायचा स्क्रू शोधला. स्क्रू होता, पण तो नुसताच चिकटवलेला, फिरवला की हातात आला. शेवटी एका एसटीच्या मागे पंधरा किलोमीटर तिच्या लाल दिव्यांकडे बघत आलो. त्या ड्रायव्हरला आयुष्यात कधी कळणार नाही, पण मी त्याचा ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी लाइटच्या आत पाणी, काचेवर थेंब. डब्यावर 60 वॅट छापलं होतं. काकांनी मीटर लावला तर 1.1 अँपिअर. बारा व्होल्टने गुणलं की तेरा-चौदा वॅट होतात. काचेवर गोलात E आणि पुढे आकडा, अशी मान्यतेची खूण असते म्हणतात. याच्यावरही होती, पण स्टिकरची. नखाने निघाली. खरी खूण काचेतच ओतलेली असते.

सप्टेंबरमध्ये पासिंगला गेलो. इन्स्पेक्टरसाहेबांनी लाइट लावायला सांगितला. निळी रिंग पेटली. ते माझ्याकडे बघत राहिले. "वय काय तुमचं?" म्हणाले. सांगितलं. "मग हे काय लावलंय? जुना लाइट लावून या." वर हेही ऐकवलं की कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52मध्ये बसत नाही आणि 2019च्या दुरुस्तीनंतर मालकाला एकेका बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मी मनात मोजले: तोंड एक, लाइट दोन.

आता जुना लाइट आणायचा कुठून? काउंटरवरची ऑर्डर अजून आलेली नव्हती. जुन्या पार्टच्या जाहिराती चाळत बसलो. तिसऱ्या दिवशी एक दिसली: "आर-15 व्ही-वन ओरिजिनल हेडलाइट, रेअर पार्ट, 4,500." फोटो मोठा करून पाहिला. डाव्या कानावर निळा तुकडा.

मी किती वेळ तो फोटो बघत बसलो माहीत नाही. नंबर वेगळा होता, पण फोटोतली फरशी त्याच्या रीलमधलीच. नवं फायबर विकून त्याला मिळतं ते मिळतंच, पण खरी कमाई एक्स्चेंजची. तुमचा अस्सल, आता सहज न मिळणारा पार्ट दीड हजारांत, तोही तुमच्या कुरिअरखर्चाने त्याच्या दारात. पुढे त्याचं नकली किट ज्याच्या गाडीवर नापास होईल, तो हाच पार्ट तिप्पट भावाने विकत घ्यायला येणार. म्हणजे मीच.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930वर फोन केला. त्यांनी विचारलं, "माल मिळाला ना तुम्हाला?" मिळाला म्हटल्यावर ग्राहक हेल्पलाइनचा, 1915चा रस्ता दाखवला. तिथे तक्रार नोंदवली, पण दुकानाचं खरं नाव नाही, बिल नाही, पत्ता नाही, फक्त दोन यूपीआय नावं आणि डिलीट झालेला व्हॉट्सॲप डीपी. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. कागद जमवतोय. पण प्रतिवादीच्या रकान्यात काय लिहायचं यावर आमचा वकील मित्र अजून अडलाय.

मधल्या काळात काकांनी चिरलेला मूळ पॅनेल काढला, जुन्या एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याची पेस्ट केली आणि आतून चीर भरली. खर्च 600 रुपये. हे जूनमध्येच होऊ शकलं असतं, असं ते म्हणाले नाहीत. नुसतं पेस्ट ढवळत राहिले.

हेडलाइट मामेभावाच्या नावाने मागवला. घासाघीस करून 4,200, कॅश ऑन डिलिव्हरी, डिलिव्हरीवाल्यासमोर बॉक्स उघडून. तो माझ्याच टॉवेलमध्ये गुंडाळलेला होता.