आठ महिन्यांनंतर 'अ प्लेग टेल: इनोसन्स': इंग्रजी आवाज की फ्रेंच?

गेल्या दिवाळीच्या सवलतीत घेतलेला हा २०१९ चा गेम मी आता तिसऱ्यांदा खेळतो आहे, आणि त्याच्याविषयी आज लिहायला बसलो त्याला कारण माझा हेडफोन. जूनमध्ये त्याची डावी बाजू बंद पडली. सर्व्हिस सेंटरने 'वायर पिनेपाशी तुटली आहे, हे वॉरंटीत बसत नाही' असे सांगून नव्या हेडफोनच्या निम्म्याहून अधिक खर्चाचा अंदाज हातात ठेवला. दोन खेपा आणि एक लेखी तक्रार वाया गेल्यावर मी तो लॅमिंग्टन रोडवर नेला. तिथल्या कारागिराने दीडशे रुपयांत नवी पिन बसवून दिली. मधले तीन आठवडे मात्र टीव्हीच्या स्पीकरवर, आवाज अगदी बारीक ठेवून खेळावे लागले आणि हा गेम कानांनी किती खेळला जातो, हे तेव्हा नीट उमगले.

कथा सर्वांना ठाऊक आहे: १३४८ चा फ्रान्स, प्लेग, उजेडाला भिणारे उंदरांचे थवे, पंधरा वर्षांची अमिसिया आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ ह्यूगो. दृश्ये देखणी आहेत, कोडी सोपी आहेत. माझे लक्ष अडकले ते आवाजांत.

पहिल्यांदा मी इंग्रजीतून खेळलो. ओठ शब्दांशी जुळतात, मुलांच्या बोलण्यात हलकी फ्रेंच ढब आहे आणि पहारेकऱ्यांची तीच ती वाक्ये सोडली तर तक्रारीला जागा नव्हती. गेम बोर्दोच्या असोबो स्टुडिओचा, कथा फ्रान्सची, म्हणून दुसऱ्यांदा फ्रेंच आवाज लावले आणि पहिल्या दोन प्रकरणांतच वैतागलो. ओठ एक सांगतात, कान दुसरेच ऐकतात. शिवाय लपून बसले असताना पहारेकऱ्याच्या कंदिलावर नजर ठेवायची की खालचे सबटायटल वाचायचे, या ओढाताणीत मी वारंवार पकडला गेलो. 'ज्यांना फ्रेंच येते त्यांनीच हे लावावे', असे लिहायचे मी ठरवूनही टाकले होते.

ते मत मी मागे घेतो. लपूनछपून पुढे सरकताना कॅमेरा अमिसियाच्या पाठीमागे असतो, त्यामुळे तिचे ओठ दिसतच नाहीत. ती खोट फक्त कथेच्या दृश्यांपुरती उरते. उरते ती कुजबुज, आणि अशा गेमचे डबिंग मी तरी कुजबुजीवरूनच जोखेन. ह्यूगोला फार वेळ एकटे सोडले की तो घाबरतो आणि त्याच्या हाकेने पहारेकरी सावध होतात. एकदा त्याला मागे थांबवून मी दगड मारून एका शिपायाचे लक्ष दुसरीकडे वळवत होतो. फ्रेंचमध्ये त्याची पहिली हाक दबकी आली, दुसरीत श्वास तुटला, तिसरीत बहिणीच्या नावाचे शेवटचे अक्षर गिळले गेले. सबटायटल न पाहता मी मागे फिरलो. इंग्रजीत याच जागी मला पाठ केलेले वाक्य ऐकू आले होते. पहारेकऱ्याचा कंटाळलेला सूर चढला की शोध सुरू झाला, हेही शब्द न कळता कळते.

२०१४ च्या 'एलियन: आयसोलेशन' या गेममधले यंत्रमानव अंगावर चालून येतानाही त्याच थंड, अदबशीर सुरात बोलतात, तिथे सुरातून काहीच सूचना मिळत नाही आणि भीती त्यातच आहे. इथे सूर हीच सूचना, म्हणून आवाज देणाऱ्यावर जबाबदारी अधिक.

स्पीकरवर खेळण्याच्या त्या दिवसांत एका रात्री आई उठून बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, कुणाचं पोर रडतंय एवढ्या रात्री?" तिला फ्रेंचचा एक शब्द येत नाही. मी तिला पडद्यावरचा ह्यूगो दाखवला. ती थोडा वेळ तिथेच बसली आणि तो काय म्हणतो आहे, हे मला विचारत राहिली. मी सबटायटल वाचून तिला मराठीत सांगत होतो आणि त्या नादात दोनदा पकडला गेलो. अंधेरीतल्या स्टुडिओंमध्ये परभाषेतल्या कितीतरी चित्रपटांना हिंदी आवाज मिळतात. या गेमला हिंदी नाही, मराठी तर नाहीच. तसा आवाज कुणी या कुजबुजीच्या तोडीने दिला, तर सवलतीची वाट न पाहता मी पूर्ण किंमत मोजून हा गेम पुन्हा घेईन.