पैसे आले, पण कोणाचे? फोनवरच्या व्यवहारासाठी सरकारी खातं की खासगी

बडोद्यातल्या मराठी घरांत बँक हा जरा घरगुती विषय. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली मांडवीत काढलेल्या बँक ऑफ बडोदाचं पासबुक कित्येकांकडे आजोबांपासून चालत आलेलं असतं, आणि दुसरीकडे खातं उघडलं की सासरचे विचारतात, "का हो, आपली काय वाईट होती?" म्हणून आधीच सांगून टाकतो: खाली मी जिला 'सरकारी' म्हणणार आहे ती ही नव्हे. ती दुसरी एक, पूर्वी तिथे पगार जमा व्हायचा म्हणून राहिलेलं खातं. 'खासगी' म्हणजे अलकापुरीच्या बाजूला शाखा असलेली एक. नावं मुद्दाम गाळली आहेत. एकाच बँकेच्या रावपुऱ्यातल्या आणि मांजलपुरातल्या शाखेत दोन तऱ्हेचे अनुभव येतात, तेव्हा माझ्या एकट्याच्या अनुभवावरून कुणाच्या नावाला डाग लावण्यात अर्थ नाही.

बायको दांडिया बाजारातून डबे देते. युनिव्हर्सिटीची मुलं, मंगळ बाजाराकडचे दुकानदार, शिवाय एकटे राहणारे काही आजी-आजोबा. डबे तिचे, हिशेब माझा. दोन्ही खाती तिच्याच नावावर आहेत आणि दोन्हींवर डब्याचे पैसे घेऊन पाहिले आहेत. पुढचं सगळं त्या हिशेबाच्या वहीतून आलेलं आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

२०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झालं ते २१ बँकांना घेऊन. तेव्हा 'तुमच्या बँकेत आहे का हो?' असं विचारावं लागायचं. आता ते नसलेली बँक शोधावी लागेल. तरीही लोक ॲप कोणतं चांगलं यावरच वाद घालत बसतात. ॲप दोन मिनिटांत बदलता येतं. खातं बदलायचं तर नंबर, गिऱ्हाईक, भिंतीवर चिकटवलेला क्यूआर, सगळंच हलवावं लागतं. तेव्हा विचार करायचा तो खात्याचा.

पैसे देण्यापुरतं पाहिलं तर दोघींत फार डावं-उजवं नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी सरकारी बँकेचं फोनवरचं चाक जरा जास्त फिरतं, आणि खंडेराव मार्केटमध्ये मागे रांग असली की ते फिरणं लांबच लांब वाटतं. कोणत्या बँकेचे किती व्यवहार तांत्रिक कारणानं फसले याचा तक्ता यूपीआय चालवणारी संस्था, एनपीसीआय, दर महिन्याला प्रसिद्ध करते, हवा तर जरूर बघा. मी मात्र भाजीवालीच्या चेहऱ्यावरून अंदाज घेतो. त्यातही यूपीआय लाइट आल्यापासून हा त्रास निम्म्यावर आला. पाच हजारांपर्यंत रक्कम आधीच बाजूला काढून ठेवता येते, एका वेळी हजारापर्यंत पिन न टाकता देता येते, आणि प्रत्येक लिंबू-कोथिंबिरीच्या व्यवहाराला बँकेचं मुख्य यंत्र जागं करावं लागत नाही. पासबुकातही फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची ओळ येते. पूर्वी महिनाभराच्या भाजीत पासबुकाची पानंच्या पानं भरायची आणि छपाईच्या मशीनपाशी मागचा माणूस उसासे टाकायचा, ते थांबलं.

मध्येच अडकलेल्या पैशांचंही तसंच. रिझर्व्ह बँकेचा २०१९ च्या सप्टेंबरमधला नियम दोघींनाही लागू आहे: आपल्या खात्यातून गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, दुकानदाराला देताना अडकले तर पाच दिवसांत, पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. माझे दोन्हीकडचे अडकलेले पैसे वेळेत परत आले. आणि २०२५ च्या मार्च-एप्रिलसारखं मुळात यूपीआयच बसलं, तर काचेची शाखा काय आणि सागवानी काउंटर काय, खिशात नोट असलेली बरी.

पैसे यायला लागले की मात्र खरी गंमत सुरू होते.

डब्याचा महिन्याचा दर सगळ्यांना एकच. त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला खात्यात ओळीनं एकच आकडा पडत जातो, आणि आकड्यावरून कोण ते कळायला काहीच मार्ग नसतो. 'ॲपमध्ये नाव दिसतंच की,' असं कुणीही म्हणेल. दिसतं, पण त्या ॲपमधून आलं असेल तेवढंच. बायकोच्या फोनवर दोन ॲप आहेत. कुणी एकाचा क्यूआर स्कॅन करतो, कुणी मोबाइल नंबर टाकतो, आणि नंबरवर टाकलेले पैसे त्या नंबरला जो यूपीआय आयडी जोडलेला असेल तिकडून येतात. कुणाच्या फोनमध्ये आमचा जुनापुराणा आयडी जपून ठेवलेला असतो. कोणत्याच एका ॲपची यादी पुरी नसते. सगळे एकत्र भेटतात ते बँकेच्या स्टेटमेंटमध्ये.

आणि तिथे आमच्या सरकारी बँकेच्या स्टेटमेंटात नावाला जागा आहे जेमतेम आठ-दहा रोमन अक्षरांची. एरवी ती चाललीही असती. पण आपल्या गुजरातेत कागदोपत्री आडनाव आधी लिहायची पद्धत. म्हणजे स्टेटमेंटवर येतं 'पटेल जि'. आता 'पटेल जि'मध्ये जिग्नेश, जिगर, जितेंद्र आणि जिज्ञासाबेन असे चौघं बसतात, आणि आमच्याकडे चौघंही जेवतात. 'शाह की'ची तीच तऱ्हा. मराठी मंडळींचंही काही बरं नाही. सूर्यवंशींचं आडनावच पुरतं मावत नाही, नाव कुठून मावणार?

विद्यार्थ्यांची आणखी वेगळी तऱ्हा. पैसे टाकतात वडील, सुरतहून नाहीतर जळगावहून. पूर्ण नाव आलं तरी ते वडिलांचं. ज्याला जरा समज आहे तो पैसे टाकताना शेऱ्याच्या जागी 'रोहनचा डबा' असं लिहितो. सरकारी स्टेटमेंटवर तो शेरा बहुतेक वेळा येतच नाही, आला तर अर्धा. खासगीच्या स्टेटमेंटवर मात्र पूर्ण नाव, त्यापुढे आयडी, त्यापुढे बारा आकडी नंबर आणि शेवटी रोहनचा डबा. ओळ लांबलचक होते, दिसायला गबाळी, पण मला हवं ते सगळं तिच्यात असतं. शिवाय ते एक्सेलमध्ये उतरवता येतं, नाव टाकलं की त्या माणसाच्या ओळी पुढ्यात.

यावर उपाय नाही असं नाही. प्रत्येक यूपीआय व्यवहाराला बारा आकडी नंबर असतो आणि तो दोन्ही बाजूंना तोच दिसतो. गिऱ्हाइकाकडून तो मागून घ्यायचा आणि जुळवायचा. आम्ही तेही केलं. अडचण आकड्यांची नाही, माणसांची आहे. फतेगंजला राहणारे एक आजोबा फोन करून "भाभी, पैसा नाखी दीधा" (पैसे टाकले) म्हणतात आणि निश्चिंत होतात. त्यांना उलट फोन करून "काका, तो बारा आकडी नंबर सांगता का?" असं विचारायचं म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगण्यासारखंच. बायकोनं एकदोनदा विचारलं, मग म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा, मी नाही विचारणार." माझ्यापुरता निकाल तिथेच लागला: डब्याचे पैसे खासगी खात्यावर. बाकी सगळ्या बाबतींत सरकारी बँक थोडी पुढे असती तरी मी हेच केलं असतं, असं आज वाटतं.

कुणी म्हणेल, दुकानदारांचा क्यूआर आणि पैसे आले की बोलून सांगणारी पेटी का नाही घेत? घेऊ शकता. यूपीआयवर दुकानदाराला २०२० च्या जानेवारीपासून कमिशन लागत नाही, त्या पेटीचं मात्र सहसा मासिक भाडं असतं. चहाच्या लारीवर ती उत्तम, कारण तिथे 'पन्नास रुपये मिळाले' एवढं ऐकू आलं की काम झालं. कोणी दिले ते विचारतंय कोण! आम्हाला नेमकं तेच विचारायचं असतं. शिवाय कित्येक पेट्यांचे दिवसभराचे पैसे एकगठ्ठा खात्यात येतात, म्हणजे स्टेटमेंटवर एकच ओळ. पुन्हा नावं शोधायला त्यांचं ॲप उघडा.

आता खासगीचे दोष, नाहीतर मी तिचा एजंट वाटेन. पहिला किमान शिलकीचा. स्टेट बँकेनं बचत खात्याची ही अट २०२० मध्येच काढली, २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी काढली. खासगीत मात्र हजारो रुपये निजवून ठेवावे लागतात आणि कमी पडले की दंड. डब्याच्या धंद्यात किराणा भरल्यावर खातं रिकामंच होतं, त्यामुळे ही अट बोचते. दुसरा एसएमएसचा. लहान रकमांचे मेसेज बंद करण्याकडे काही बँकांचा कल दिसतो. एका मोठ्या खासगी बँकेनं २०२४ च्या जूनपासून यूपीआयच्या शंभराखालच्या खर्चाचे आणि पाचशेखालच्या जमेचे एसएमएस थांबवले. रोजच्या रोज सुट्ट्या डब्याचे पैसे घेणाऱ्याला हे जाणवणारच. मग बायका दर वेळी ॲपमध्ये शिल्लक बघतात, आणि आता तेही एका ॲपवरून दिवसाला पन्नास वेळाच. तिसरा, शाखेत गेलं की विम्याची गोष्ट निघते. एक 'ना' दोनदा म्हणायची तयारी हवी.

सरकारी बँकेची बाजू भक्कम आहे ती माणूस म्हातारा असेल तिथे. आईचं पेन्शन तिथेच येतं आणि तिथेच राहील. फोन बदलला, सिम बदललं, नंबर बंद पडला की यूपीआय पुन्हा पहिल्यापासून जोडावं लागतं, कारण ते खात्याला नोंदलेल्या नंबरच्या सिमवरूनच जुळतं. अशा वेळी शाखेत ओळखीचा माणूस असणं ही मोठी सोय. आमच्या शाखेतले साहेब आईला खुर्ची देतात आणि फॉर्म स्वतः भरतात. खासगीत दर वर्षी नवा मुलगा भेटतो, गोड बोलतो, आणि पुढच्या वर्षी तो तिथे नसतो. अजून एक: खातं दोघांच्या नावावर असेल तर 'दोघांपैकी कोणीही एक' असं लिहिलेलं आहे ना ते बघून घ्या. दोघांच्या सह्या लागणाऱ्या खात्यावर यूपीआय सहसा चालत नाही, आणि हे बऱ्याच जुन्या खात्यांत निघतं.

सहकारी बँकांचं थोडक्यात सांगतो. माणुसकी सर्वांत जास्त, पण लहान सहकारी बँका यूपीआयला बहुधा दुसऱ्या मोठ्या बँकेच्या आधारानं जोडलेल्या असतात, म्हणजे वाटेत आणखी एक नाका. भिशीचे, मंडळाचे पैसे ठेवायला ठीक. पेमेंट्स बँकांत, म्हणजे ठेवी घेणाऱ्या पण कर्ज न देणाऱ्या बँकांत, किमान शिलकीची कटकट सहसा नाही, पण दिवसअखेर दोन लाखांच्या वर ठेवता येत नाहीत. आणि २०२४ च्या मार्चमध्ये पेटीएम पेमेंट्स बँकेत नवे पैसे जमा होणं रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं थांबलं, तेव्हा कितीतरी दुकानांवरचे क्यूआर दुसऱ्या बँकांना जोडून घ्यावे लागले. सगळी कमाई तिथे येऊ देण्याचा धीर मला तरी होत नाही.

तर, नुसता खर्च करायचा असेल, पगार किंवा पेन्शन येत असेल, तर सरकारी खातं आणि त्यावर यूपीआय लाइट. बदलायची काही गरज नाही. पण बऱ्याच लोकांकडून सारख्याच रकमा घेत असाल, म्हणजे क्लासची फी, भाडं, सोसायटीचा मेन्टेनन्स, गणपतीची वर्गणी, तर माझा कौल त्या गबाळ्या लांब ओळीकडे आहे. किमान शिलकीची रक्कम मी मनातल्या मनात अनामत म्हणून लिहून टाकली आहे. उलाढाल फार वाढली की बँक चालू खात्याचा आग्रह धरणार, ते गृहीत धरा.

मात्र 'खासगी म्हणजे पूर्ण नाव' असा नियम नाही. उलट अनुभव असलेले शेजारीही आहेत. त्यांच्या खासगी बँकेत नुसता बारा आकडी नंबर येतो आणि सरकारीत नाव. जाहिरातीत हे कुठेच लिहिलेलं नसतं, शाखेतल्या मुलालाही बहुतेक माहीत नसतं. त्यामुळे खातं उघडायच्या आधी त्या बँकेत खातं असलेला कुणी ओळखीचा गाठा आणि स्टेटमेंटचं एक पान दाखवायला सांगा. शिल्लक बोटानं झाकून दाखवली तरी चालेल, नावाचा रकाना दिसला की पुरे. त्यात कुणीतरी पटेल सापडेलच. त्याचं नाव कुठे तुटतं ते बघा.