आक्रमक माशांची खारी टाकी आणि नाशिकमधले एक दुकान: दोन वर्षांचा अनुभव

या दुकानातून पहिल्या भेटीत मी रिकाम्या हाताने परत आलो, आणि त्याचे कारण पैशाचे नव्हते. खिशात पैसे होते, समोरच्या काचेत क्लाऊन ट्रिगर आपले पांढरे ठिपके मिरवत फिरत होता आणि त्याच्या शेजारच्या टाकीत लायनफिश पंखा उघडल्यासारखा तरंगत होता. मी दोन्ही मागितले. दुकानदाराने टाकीचे माप विचारले, पाणी भरून किती दिवस झाले ते विचारले, आणि ‘नऊ दिवस’ हे उत्तर ऐकल्यावर म्हणाला, “काका, अजून महिनाभर काहीच नको. आणि लायनफिश हवा असेल तर ट्रिगर विसरा. दोन्ही एकत्र मी देणार नाही.” विक्रीला बसलेला माणूस विकायला नकार देतो, हे पाहून तेव्हा थोडा रागच आला होता. दोन वर्षांनंतर हे परीक्षण लिहिताना मात्र त्या दुकानाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणून तीच गोष्ट मी आधी सांगेन.

दुकान गंगापूर रोडच्या बाजूला आहे. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे नाव देत नाही. दर्शनी भागात गोड्या पाण्याचे नेहमीचे गप्पी, एंजल आणि गोल्डफिश आहेत. खाऱ्या पाण्याचा विभाग आतल्या खोलीत आहे. तेथे एकावर एक अशा तीन रांगांत टाक्या मांडलेल्या आहेत आणि निळ्या दिव्यांखाली काचा बऱ्यापैकी स्वच्छ असतात. मासे मुंबईहून येतात, आणि गाडी कसारा घाट चढून आल्यावर पहिले दोन दिवस त्यांतला एकही मासा विकायचा नाही, हा तेथील नियम आहे. दर मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपेक्षा मला तरी पंधरा-वीस टक्के जास्त वाटले. तरीही प्लास्टिकच्या पिशवीतल्या माशाला घेऊन मे महिन्यात चार-पाच तासांचा प्रवास करण्यापेक्षा तो फरक मी आनंदाने देतो.

माझी टाकी ८ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच आहे. दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता तिच्यात साधारण १,३०० लिटर पाणी बसते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन सव्वा टनाच्या वर जाते, आणि म्हणून ती इंदिरानगरच्या आमच्या घरात तळमजल्यावर, बीमच्या रेषेत ठेवलेली आहे. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने पहिल्या भरणीलाच ४५ किलोच्या वर मीठ लागले. (स्वयंपाकघरातले मीठ येथे चालत नाही. मत्स्यालयासाठीच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे समुद्रातल्या प्रमाणात असतात. ही गोष्ट मी आतापर्यंत निदान वीस पाहुण्यांना समजावून सांगितली आहे.) नळाचे पाणी थेट न वापरता आरओ आणि डीआय अशा, पाण्यात विरघळलेले क्षार काढून टाकणाऱ्या, दोन्ही गाळण्यांतून काढलेले पाणी वापरावे, हा सल्ला दुकानदाराचाच होता.

महिनाभर थांबण्यामागचे कारण त्याने नीट सांगितले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू दगडांवर आणि फिल्टरमध्ये पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडणे म्हणजे त्याला स्वतःच्याच घाणीत गुदमरायला लावणे होय. ट्रिगर किंवा वाम यांच्यासारखे मांसाहारी मासे तर इतरांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत त्याने मला काही विकले नाही. मी दर आठवड्याला बाटलीत पाणी नेत होतो आणि तो ते विनामूल्य तपासून देत होता.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे निवडीचा. आक्रमक टाकी म्हटले की लोकांना वाटते की सगळे भांडखोर मासे एकत्र आणले की झाले. जो तो आपापले बघून घेईल. प्रत्यक्षात ‘मोठा मासा लहान माशाला गिळतो’ हा मत्स्यन्याय आपण जितक्या सहजपणे बोलण्यात वापरतो, तितक्याच सहजपणे तो काचेमागे घडतो. दुकानदाराची कसोटी साधी होती. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो त्याचा घास आहे, असे धरून चालायचे. त्यापुढचा त्याचा नियम मला अधिक उपयोगी पडला: दिसायला, आकाराला आणि राहणीला सारखे असलेले दोन मासे एकत्र ठेवायचे नाहीत, कारण मासा सर्वांत जास्त भांडतो तो आपल्यासारख्याच दिसणाऱ्याशी. म्हणून रंगांची विविधता ही केवळ हौस उरत नाही. वेगळा रंग, वेगळा आकार आणि वेगळे खाणे असलेले मासे निवडले की भांडणाची निम्मी कारणे आपोआप कमी होतात.

लायनफिश नाकारण्याचे कारणही यातूनच कळले. त्याचे लांब, झालरीसारखे पर संथपणे हलत असतात आणि ट्रिगर व केंड (अंग फुगवणारा मासा) यांना असे काही हलताना दिसले की ते कुरतडतात. लायनफिशच्या पाठीचे काटे विषारी असले तरी काचेच्या पेटीत त्याला पळायला जागा नसते. क्लाऊन ट्रिगर नाकारला तो वेगळ्या कारणाने: लहानपणी गोंडस दिसणारा हा मासा अर्ध्या मीटरपर्यंत वाढू शकतो, आणि वर्ष-दोन वर्षे सगळ्यांशी नीट राहून एका रात्रीत कोणाचा तरी जीव घेऊ शकतो. पँथर ग्रूपरचेही असेच. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेले बोटभर पिल्लू पाहून नातीने हट्ट धरला होता, पण ते ७० सेंटीमीटरपर्यंत जाते हे ऐकल्यावर तिचा आणि माझा दोघांचाही हट्ट विरला.

मग जे मासे घेतले, ते कोणत्या क्रमाने घेतले हे सांगणे आवश्यक आहे, कारण क्रमच निम्मे काम करतो. सर्वांत गरीब मासा आधी आणि सर्वांत दांडगा शेवटी. पहिला आला पिवळाधमक फॉक्सफेस, जो शेवाळ खातो आणि कोणाच्या वाटेला जात नाही. त्यापाठोपाठ स्नोफ्लेक जातीची वाम आली. वामींमध्ये ही त्यातल्या त्यात सोयीची, कारण तिचे दात बोथट असतात आणि तिचे मन माशांपेक्षा खेकडे-कोळंबीवर जास्त असते. मात्र झाकणात दोन बोटांची फट राहिली तरी ती रात्री बाहेर पडते, म्हणून पाइपच्या भोवतीची जागासुद्धा जाळीने बंद करून घेतली. नंतर नायजर ट्रिगर, जो ट्रिगरच्या कुळात बराच सौम्य आहे. मग नारिंगी-निळ्या पट्ट्यांचा हार्लेक्विन टस्क, ज्याचे दात खरोखरच निळे असतात. त्यानंतर एम्परर एंजल. आणि सर्वांत शेवटी पिकासो ट्रिगर. पिकासो सोडण्याच्या आदल्या दिवशी दुकानदाराच्या सांगण्यावरून मी टाकीतले दगड हलवून पुन्हा रचले. जुन्यांच्या हद्दी अशा मोडल्या की सगळेच नवीन घरात आल्यासारखे होतात आणि नवख्याला धरून मारण्याइतकी कोणाला फुरसत राहत नाही.

पिकासोबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण दोन वर्षांत ज्याच्यासमोर मी सर्वांत जास्त वेळ बसलो तो हाच. बदामी अंग, डोळ्यांमध्ये निळ्या रेघा, ओठांपासून मागे गेलेली पिवळी पट्टी. रात्री दिवा मालवण्याच्या सुमारास तो डावीकडच्या दगडातल्या एका ठरलेल्या खोबणीत आडवा शिरतो आणि पाठीवरचा पहिला काटा उभा करतो. मागचा छोटा काटा त्याला खिट्टीसारखा अडकतो, त्यामुळे त्याला बाहेर ओढून काढणे कोणालाच जमत नाही. ट्रिगर हे नाव त्या खिट्टीवरूनच पडले आहे. मी दगडाला हात लावला की आतून घुरघुरल्यासारखा आवाज येतो. याच महाशयांनी पहिल्या आठवड्यात हीटरची वायर चावून पाहिली, तेव्हापासून हीटर खालच्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळण्याच्या छोट्या टाकीत, हलवला आहे.

एम्पररचे कौतुक वेगळे. घेतला तेव्हा तो गडद निळा होता आणि अंगावर एकात एक अशी पांढरी वर्तुळे होती, दगडावर काढलेल्या रांगोळीसारखी. हळूहळू ती वर्तुळे तुटत गेली आणि आता निळ्यावर पिवळ्या रेषा दिसू लागल्या आहेत. पिल्लाचा आणि मोठ्याचा रंग इतका वेगळा असतो की माहिती नसलेल्याला हे दोन वेगळे मासे वाटावेत. ‘पिल्लू घ्या, मोठा घेऊ नका, पिल्लू गोठवलेले खाद्य लवकर शिकते,’ हा सल्ला शंभर टक्के खरा ठरला.

विक्रीच्या पद्धतीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की कोणताही मासा पिशवीत भरण्यापूर्वी तो आपल्यासमोर खाऊन दाखवतो की नाही, हे येथे पाहू देतात. न खाणारा मासा कितीही सुंदर असला तरी तो घरी आणू नये.

आता तक्रारी. पहिली आणि माझ्या मते गंभीर: खाऱ्या पाण्याच्या सगळ्या टाक्यांचे पाणी एकाच फिल्टरमधून फिरते. एका टाकीतला आजार सगळीकडे जातो. माझा नायजर घरी आल्यावर चौथ्या दिवशी अंगावर मिठाचे कण टाकल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, जे खाऱ्या पाण्यातल्या क्रिप्टोकॅरियन या परजीवीचे लक्षण आहे. मी नवा मासा चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवत असल्यामुळे बाकीचे वाचले आणि तांब्याच्या औषधाने नायजरही बरा झाला. हे औषध मुख्य टाकीत घातले असते तर दगडांनी ते शोषून घेतले असते आणि त्यांतले छोटे जीव मेले असते. दुकानदाराने अर्धी रक्कम परत करण्याची तयारी दाखवली, पण फिल्टर आजही एकच आहे.

दुसरी तक्रार काउंटरवरच्या मुलांबद्दल. मालक नसताना ही मुले मांसाहारी माशांसाठी सरसकट जिवंत गोल्डफिश देतात. गोड्या पाण्याचा हा मासा रोजचा आहार झाला तर खाऱ्या पाण्यातल्या शिकारी माशांच्या यकृतावर चरबी चढते. मी बाजारातून कवचासकट कोळंबी, तिसऱ्या (शिंपले) आणि माकुळ आणून, मीठमसाला न लावता, लहान तुकडे करून गोठवून ठेवतो. कवचामुळे ट्रिगरचे सतत वाढणारे दातही झिजतात. याच मुलांपैकी एकाने फॉक्सफेस भरून देताना त्याच्या पाठीचे काटे विषारी असतात हे सांगितले नाही. घरी जाळीतून सोडवताना अंगठ्याला काटा लागला आणि कोपरापर्यंत कळ गेली. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून बसल्यावर तासाभराने उतार पडला, कारण त्या विषातली प्रथिने उष्णतेने निकामी होतात. पण ही माहिती पिशवीवर लिहून द्यायला काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट चिलरच्या, म्हणजे टाकीचे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राच्या, सेवेची. नाशिकचा पारा मे महिन्यात चाळिशीला भिडतो आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या खाली उतरतो, तर टाकीला वर्षभर २४ ते २७ अंश लागतात. गेल्या उन्हाळ्यात चिलर बंद पडला तेव्हा दुकानाने मिस्त्री पाठवायला तीन दिवस लावले. ते तीन दिवस आम्ही बर्फाच्या बाटल्या सम्पमध्ये सोडून आणि पाण्यावर पंखा लावून काढले.

एक चांगली बाब नोंदवायलाच हवी. प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि या दुकानात ते ‘आतून मिळतात’ असे कोणी कुजबुजत नाही. मी एकदा सहज विचारले, तेव्हा मालकाने सरळ नाही म्हटले आणि विषय बदलला.

माशांची निवड व सल्ला यांना मी पाचपैकी साडेचार गुण देईन, माशांच्या आरोग्याला तीन, विक्रीनंतरच्या सेवेला दोन. जायचे असेल तर मालक स्वतः असतो अशा वेळी, म्हणजे संध्याकाळी सातनंतर जावे, टाकीची मापे आणि पाण्याची बाटली सोबत न्यावी. माझी स्वतःची सोहल टँग या भांडखोर माशाची मागणी गेल्या दिवाळीपासून त्याच्या वहीत आहे. परवा पुन्हा आठवण केली, तर त्याने आधी एम्पररची आताची लांबी विचारली आणि वही मिटून ठेवली.