रोग ओळखणारं ॲप विरुद्ध केळीबागेतला जुना जाणता

रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यात केळीचं पान पिवळं पडलं की आता दोन पंच बसतात. एक खिशातला मोबाईल, दुसरे बांधावरचे बाबा. मोबाईल फोटो पाहून काही सेकंदांत रोगाचं नाव सांगतो. बाबा "काय म्हने रे तो मोबाईल?" असं विचारून घेतात आणि मग हटकून दुसरंच नाव सांगतात. चुरस गमतीची आहे, पण निकालावर बाग उभी असते. म्हणून पानाचा फोटो घेऊन रोग सांगणाऱ्या फुकट ॲपची ही परीक्षा केळीपुरतीच, आणि बाबांना समोर बसवूनच.

करप्यात, म्हणजे सिगाटोका या पानावरच्या बुरशीच्या रोगात, ॲप जिंकतं. तपकिरी, लांबट, मधे राखाडी पडलेले ठिपके त्याला चांगले कळतात. अट एकच, फोटो जवळून हवा. केळीचं पान दोन मीटर लांब असतं आणि लोक हौसेनं अख्खं पान चौकटीत बसवतात. अशा ॲपमागची अनेक मॉडेलं, म्हणजे फोटोंवर शिकवलेली यंत्रं, आत फोटो २२४ × २२४ बिंदूंइतका (पिक्सेल) लहान करून मग पाहतात. दोन मीटरचं पान त्यात कोंबलं की एका बिंदूत जवळपास ९ मिलिमीटर पान येतं, आणि करप्याचे सुरुवातीचे एक-दोन मिलिमीटरचे पिवळे ठिपके गायबच होतात. मग ॲप पान निरोगी ठरवतं आणि बाबा दिवसभर खूश असतात. वीतभर अंतरावरून, सकाळच्या सौम्य उजेडात, दव पुसून, ठिपके चौकटीच्या मधोमध येतील असा फोटो काढा. आपली सावली पानावर नको. पानाची खालची बाजूही घ्या. निदान पटलं तर रोगट भाग कापून बागेबाहेर न्यावा आणि १० लिटर पाण्यात प्रोपिकोनॅझोल १० मिली व खनिज तेल १०० मिली ही नेहमीची फवारणी घ्यावी.

'हरण्या' या रोगात मात्र बाबांना तोड नाही. हा सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक नावाच्या विषाणूचा रोग. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली, आभाळ भरून राहिलं की मृगबागेच्या, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला लावलेल्या बागेच्या, कोवळ्या झाडांवर तो दिसतो. नव्या पानावर शिरांना समांतर पिवळे पट्टे, कडा वळलेल्या, पुढे पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, कुजतो. जस्त कमी पडलं तरी कोवळं पान अरुंद होऊन त्यावर पिवळसर-पांढरे पट्टेच येतात. एका पानाच्या फोटोत दोन्ही सारखे दिसू शकतात, आणि ॲपला एकच पान दिसतं. बाबा पानाकडे बघायच्या आधी शेजारच्या शेतात बघतात. तिथे काकडी, भोपळा, मिरची आहे का? बांधावर तण माजलंय का? मावा ही कीड आहे का? झाडं चुकार-चुकार पिवळी आहेत की अख्खा पट्टा? चुकार झाडं आणि शेजारी काकडी असली तर संशय हरण्यावर. सगळा पट्टा सारखा पिवळा असेल तर आधी माती आणि खत तपासायचं. ही माहिती फोटोच्या चौकटीबाहेर असते. हरण्याला औषध नाही, झाड मुळासकट उपटून जाळायचं किंवा खोल पुरायचं. हा विषाणू मावा काही क्षणांत उचलतो आणि तितक्याच झटपट पुढच्या झाडाला देतो, म्हणून नुसत्या कीटकनाशकावर बाग वाचत नाही. इथे चुकीचं निदान दोन्हीकडून महाग पडतं: निरोगी झाड जाळलं जातं, नाहीतर रोगट झाड आठवडाभर उभं राहून शेजाऱ्यांना प्रसाद वाटतं.

कंद सडीत तर सामना सुरूच होत नाही. झाड हलवलं की जमिनीलगत मोडतं, कंद मातीतच राहतो आणि घाण वास येतो. "त्याले म्हना, वास घेऊन सांग," हा बाबांचा टोला खरा आहे, त्यावर मोबाईलकडे उत्तर नाही. घड बघून किती किलोची रास बसेल हेही तसंच. शेजारी मोजपट्टी नसलेल्या फोटोत मोठा घड कोणता आणि जवळून काढलेला कोणता, हे यंत्राला कळायला मार्ग नाही.

ॲप चुकतं त्यामागे शिकवणीचा दोष आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात १४ पिकांच्या ५४,३०६ फोटोंवर यंत्र शिकवलं. त्याच संचातून बाजूला ठेवलेल्या फोटोंवर ते ९९.३५ टक्के बरोबर आलं. बाहेरून आणलेल्या वेगळ्या फोटोंवर ३१ टक्क्यांच्या आसपास घसरलं. शिकवणीतली पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली होती, आणि त्या १४ पिकांत केळी नव्हतीच. तेव्हापासून ॲप पुष्कळ सुधारली, पण कागदावरची टक्केवारी आणि बागेतली टक्केवारी यांतली ही दरी औषध विकत घेण्याआधी लक्षात ठेवावी. दुसरं, अशा अनेक मॉडेलना शिकवलेल्या नावांतूनच एक निवडावं लागतं. तणनाशक उडून वाकडं झालेलं पान दाखवलं तरी ते एखाद्या रोगाचं नाव देऊ शकतं. "माहीत नाही" हे दोन शब्द बाबांच्या तोंडूनही निघत नाहीत, त्या बाबतीत दोघं बरोबरीत.

एका ठिकाणी बाबा साफ हरतात. कुठलंही जुनं पान पिवळं दिसलं की ते "खत कमी पडलं" म्हणून युरिया टाकायला सांगतात. चांगलं ॲप फरक करतं: कडेकडून नारिंगी-पिवळं होऊन शीर मोडणारं पान पालाश (पोटॅश) मागतं, कडा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. युरियात यातलं काहीच नाही. शिवाय ॲप रात्री अकरालाही न चिडता उत्तर देतं. औषधविक्री जोडलेलं ॲप मात्र रोगाच्या नावाखालीच बाटली दाखवतं, तिथे लगेच खरेदीचं बटण दाबू नका.

पाचपैकी साडेतीन तारे. करपा आणि अन्नद्रव्यांच्या कमतरतेसाठी आधी ॲप, पट्टे आणि सडीसाठी आधी बाबा. दोघांची नावं जुळली नाहीत तर रोगट पान व मातीचा नमुना घेऊन जळगावच्या केळी संशोधन केंद्रात जा. पान ओल्या कागदात गुंडाळून त्याच दिवशी पोचवा, आणि झाड कुठल्या ओळीतलं, लागवड कधीची, शेजारी कोणतं पीक, हे चिठ्ठीवर लिहा.