एकाच विषयाचं पान करायचंय, तर ब्लॉगर, वर्डप्रेस की गिटहब?

आमचे मामा प्रेसमधून रिटायर झालेत, आता डोक्यात घेतलंय की नाशिकच्या राहाडींवर एक पान करायचं. राहाड म्हणजे रंगपंचमीला रंगाचं पाणी भरतात तो जमिनीतला जुना हौद. वेबसाइट नाही, एकच पान, पण त्यात सगळं, राहाड म्हणजे काय, शनी चौकातली, तिवंधा चौकातली, दिल्ली दरवाज्याची, प्रत्येकीचा रंग वेगळा का, धप्पा, म्हणजे त्यात उडी, कशी मारतात. मला विचारलं कुठे टाकू. माझी अशी दोन पानं आहेत, एक गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचं ब्लॉगरवर आणि एक पांडवलेण्यांचं, म्हणजे नाशिकजवळच्या जुन्या कोरीव लेण्यांचं, गिटहबवर, वर्डप्रेसवरही वर्षभर राहून आलोय, म्हणून मामांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी ब्लॉगर. फुकट आहे, गुगलचं खातं असलं की झालं, आणि मोबाइलच्या ब्राउझरमधून पान बदलता येतं, हा मुद्दा फार मोठा आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक एकच विचारतं, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, आपली पुराची मोजपट्टीच ती. ऑगस्ट 2019 ला तर मूर्ती दिसेनाशी झाली होती. अशा वेळी मी छत्री मानेत धरून एका हाताने दोन ओळी टाकतो आणि पान ताजं होतं. लॅपटॉप उघडून बसायला लागलं असतं तर मी कधीच केलं नसतं.

पण एक गोची आहे. मराठीत शीर्षक दिलं की ब्लॉगर लिंकमधून देवनागरी अक्षरं गाळतो आणि उरतं नुसतं 'ब्लॉग-पोस्ट डॉट एचटीएमएल', विषय काय ते लिंकवरून कळतच नाही. म्हणून पोस्ट असेल तर पब्लिश करायच्या आधी लिंक रोमन अक्षरात हाताने घालायची. आणि एकच पान असेल तर 'पोस्ट' न करता 'पेज' करा, पोस्टच्या लिंकमध्ये साल आणि महिना चिकटतो, मग दोन वर्षांनी लोकांना वाटतं माहिती शिळी आहे. पेजला मात्र लिंक हाताने घालता येत नाही, आधी शीर्षक रोमनमध्ये देऊन पब्लिश करायचं, मग शीर्षक मराठीत बदलायचं, लिंक रोमनच राहते.

वर्डप्रेस डॉट कॉमची फुकटवाली सोय दिसायला सगळ्यात छान, खोटं कशाला बोलू. पण पानावर जाहिराती त्यांच्या, पैसेही त्यांना. आणि लिंकची तऱ्हा ब्लॉगरच्या बरोब्बर उलट, तो देवनागरी ठेवतो पण व्हॉट्सअॅपवर पेस्ट केली की एकेका चिन्हाची नऊ-नऊ अक्षरं होतात, 'राहाड' एवढ्या शब्दाची पंचेचाळीस! आमच्या ग्रुपवर एका काकूंनी व्हायरस समजून डिलीट केली होती. तिथेही लिंक हाताने बदलता येते, पण हे आधी कोणी सांगत नाही.

आता गिटहब पेजेस. हे मुळात प्रोग्रामर लोकांचं, त्यामुळे पहिला रविवार वाया जातो हे धरूनच चाला. फुकट खात्यावर फाइली सगळ्यांना दिसतील अशा ठेवाव्या लागतात आणि साइट 1 जीबीच्या आत, एका पानाला ते उरून पुरतं. माझे पहिले दोन दिवस फोटोंपायीच गेले, घरच्या विंडोजवर सगळे दिसायचे, ऑनलाइन एकही नाही. फाइलच्या नावात जेपीजी कॅपिटलमध्ये होतं आणि मी पानात स्मॉल लिहिलेलं, विंडोजला फरक पडत नाही, त्यांच्या सर्व्हरला पडतो. बस एवढंच. डोकं फुटायची वेळ आली होती.

तरी पांडवलेण्यांसाठी मी हेच ठेवलंय. चोवीस लेणी आहेत, तिसऱ्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख, दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा, ते काही पुढच्या आठवड्यात बदलणार नाहीत. एकदा नीट लिहिलं की वर्षातून एखादी चूक सुधारायची. आणि मुख्य म्हणजे सगळं पान माझ्या कॉम्प्युटरवर साध्या फाइलींमध्ये पडून आहे, उद्या गिटहब बंद झालं तर उचलून दुसरीकडे ठेवीन.

बंद कशाला होईल म्हणता? फुकट पानं ठेवायच्या अशाच जागा होत्या, जिओसिटीज 2009 ला गेलं, गुगलचं नोल 2008 ला आलं आणि 2012 ला गेलं, स्क्विडू तर खास अशा एकेका विषयाच्या पानांसाठीच होतं, ते 2014 ला हबपेजेसमध्ये विलीन झालं. ब्लॉगरवरून मजकुराचा बॅकअप घेता येतो, पण त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांच्या लिंका. राहाडीचे फोटो वर्षातून एकदाच मिळतात, रंगपंचमीला, तेव्हा मूळ फोटो पेनड्राइव्हवर वेगळे ठेवा.

गुगल साइट्सही आहे, सोपं आहे, पण मोबाइलवरून काम करायला मला वैताग आला. विकिपीडियाचं म्हणाल तर तिथे आधी प्रसिद्ध झालेले, भरवशाचे संदर्भ लागतात, 'आमचे आजोबा सांगायचे' हे चालत नाही, आणि मामांचं निम्मं पान तेच आहे.

कमाईचं मामांनी दबक्या आवाजात विचारलंच. ॲडसेन्सचे, म्हणजे गुगलच्या जाहिरातींचे, पैसे शंभर डॉलर साठल्यावर हातात येतात, आणि राहाड लोक शोधणार फक्त होळीपासून पाच-सहा दिवस. सोडा तो नाद. स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेबपत्ता, घेतलंत तर उलट दरवर्षी खिशातूनच जाणार, पण ते ब्लॉगरला आणि गिटहबला दोन्हीकडे जोडता येतं, आणि जागा बदलली तरी पत्ता तोच राहतो, म्हणून परवडत असेल तर घ्या.

मामांना मी ब्लॉगर सांगितलं, कारण ते दरवर्षी चौकात उभे राहून नवं काहीतरी टाकणार, लॅपटॉपला हात लावत नाहीत. रविवारी खातं उघडून दिलं, पेज केलं, आधी रोमन शीर्षक देऊन लिंक रोमनमध्ये करून घेतली. आता मराठी शीर्षकावर गाडी अडलीय, मामा म्हणतात 'रहाड', मामी म्हणते 'राहाड', तिचं माहेर तिवंध्याचं असल्यामुळे ती ऐकायला तयार नाही. मी म्हटलं दोन्ही लिहा, लोक दोन्ही टाकून शोधतात. तर आता पहिलं कुठलं लिहायचं यावर सुरू आहे.