गळका कार्बोरेटर: नवा न घेता किट टाकलं, त्यानंतरचा अनुभव

गाडी 2006 ची स्प्लेंडर. रोजचं वारजे ते स्वारगेट, आणि सुट्टीला कात्रज ओलांडून गावाकडे. गेल्या उन्हाळ्यात कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, ओव्हरफ्लो व्हायला लागला. पावसाळ्याच्या तोंडावर त्यात रिपेअर किट (आतल्या बदलायच्या छोट्या भागांचा संच) टाकलं, आता थंडीही सरत आली, तेव्हा लिहायला हरकत नाही. गळती गेली, ॲव्हरेज परत आलं, एक कुरकुर उरली आहे.

आधी निदानाचं सांगतो, कारण पैसे तिथेच वाचतात. गॅरेजात गाडी लावली की पाच मिनिटांत निकाल: ‘कार्बोरेटर गेला, नवीन टाका.’ गेला म्हणजे नेमकं काय गेलं, असं विचारलं की पठ्ठ्या दुसऱ्या गाडीकडे वळतो. पेट्रोल कुठून ठिबकतंय ते स्वतः पाहिल्याशिवाय हा निकाल मानू नये. सगळं फडक्याने कोरडं करायचं, खाली पुठ्ठा सारायचा, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू करून बघत बसायचं. पेट्रोल साठतं त्या खालच्या वाटीच्या सांध्यातून ओल फुटली तर तिथली रबरी ओ-रिंग गेली. तळाशी थेंब धरला तर वाटी रिकामी करायचा ड्रेन स्क्रू. कॉकपाशीच ओलं असेल तर कार्बोरेटर बिचारा निर्दोष, पाइप नाहीतर कॉकच बघा.

माझ्याकडे ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंबामागून थेंब येत होता. म्हणजे वाटीत पेट्रोलची पातळी चढतेय आणि ते अडवणारी निडल नीट बसत नाहीये. निडलखाली कचरा अडकला तरी हेच होतं, म्हणून आधी ड्रेन स्क्रू ढिला करून थोडं पेट्रोल वाहू दिलं. कधी कधी तेवढ्यानेच भागतं. इथे दोन दिवस थांबलं आणि पुन्हा सुरू.

ऑइलचा वास घ्यायला मात्र कोणी सांगत नाही. निडल गळकी असेल आणि कॉक रात्रभर उघडा राहिला, तर जास्तीचं पेट्रोल इंजिनात उतरून ऑइलमध्ये मिसळू शकतं. डिपस्टिक हुंगून पाहायची. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. आमच्याकडे गाडी लावली की कॉक बंद, हा वडिलांचा शिरस्ता असल्याने ऑइल बचावलं.

कार्बोरेटर उघडल्यावर चित्र स्वच्छ झालं. निडलच्या काळ्या रबरी टोकावर गोल खाच पडली होती, नखाला लागेल इतकी. मागची स्प्रिंगची पिन दाबली की आतच रेंगाळायची. फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून निडल वर ढकलणारा पोकळ भाग, कानापाशी हलवला, आत काही खळखळलं नाही. गरम पाण्यात दाबून धरला, बुडबुडा नाही. म्हणजे फ्लोट ठणठणीत.

राहिली सीट, म्हणजे निडलचं टोक जिच्यावर टेकून पेट्रोल अडवतं ती जागा, आणि माझ्या मते सगळा निर्णय या सीटवर ठरतो. ती पितळेची असते आणि बऱ्याच छोट्या कार्बोरेटरमध्ये बॉडीतच ठोकून बसवलेली असते, वेगळी बदलता येत नाही. तिला चरा पडला असेल तर किट टाकणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. टॉर्च मारून पाहिलं, चरा नव्हता. इयरबडला किंचित मेटल पॉलिश लावून ती फिरवून घेतली, पेट्रोलने धुतली. थ्रॉटलची स्लाइडही (ॲक्सिलरेटर पिळला की वर-खाली होणारा दट्ट्या) डगडगत नव्हती. मेव्हण्याच्या गाडीची डगडगत होती, आयडलिंग कधी चढायचं, कधी बसायचं. त्याला नवा कार्बोरेटर घ्यायला मीच सांगितलं. साध्या किटमध्ये स्लाइड येत नाही, आणि बॉडीच झिजली असेल तर नवी स्लाइड घालूनही उपयोग नाही.

पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, तीन पर्याय समोर आले. किट दोनशेच्या आतबाहेर, डुप्लिकेट कार्बोरेटर आठ-नऊशे, ओरिजिनल त्याच्या दुपटीहून वर. सगळ्यात फसवा मधला. बाहेरून चकाचक, पण आतले जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे भाग) कुठल्या मापाचे हे देव जाणे, आणि मग ट्यूनिंगला महिनाभर खेपा. घ्यायचा तर ओरिजिनलच घ्यावा, नाहीतर किट.

किटमधलंही सगळं वापरलं नाही. निडल आणि ओ-रिंग तेवढी घेतली. जेट जुनेच, त्यांच्यावरचा नंबर बघून, साफ करून परत बसवले. स्लो जेटच्या (आयडलिंगचं पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या) भोकात तार न घालता स्प्रे मारून हवा दिली. हवेचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवलं होतं, तेवढ्याच फेऱ्यांवर परत लावला. शेवटी ड्रेनला पारदर्शक नळी जोडून वाटीच्या बाजूने उभी धरली, कॉक उघडला: पेट्रोल सांध्याच्या खाली येऊन थांबलं. थांबलं हे महत्त्वाचं. ते चढत राहिलं असतं तर सगळं पुन्हा उघडावं लागलं असतं.

आता वापराचं. गळतीच्या दिवसांत ॲव्हरेज पन्नाशीच्या खाली गेलं होतं, ते साठच्या वर आलं. काळाकुट्ट होणारा प्लग आता तपकिरी दिसतो. सोसायटीच्या पार्किंगमधला पेट्रोलचा वास गेला, त्यामुळे सेक्रेटरीसाहेबही गप्प. पावसाळ्यात गाडी एक-दोनदा मिसिंग करू लागली, म्हणजे अडखळू लागली, तेव्हा वाटी रिकामी केली, तळाशी पाण्याचे थेंब निघाले. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवतो.

कुरकुर आहे ती किटच्या ओ-रिंगची. दिवाळीनंतर साफसफाईसाठी वाटी उघडली तर रिंग फुगलेली, खाचेत परत बसेना. एका बाजूने दाबली की दुसरीकडून बाहेर. दिवसभर उघडी ठेवली तेव्हा आक्रसली आणि बसली, गळतीही नाही. तरी पुढच्या वेळेसाठी नाना पेठेतून ओरिजिनल रिंग सुटी आणली आहे. किमतीच्या मानाने तीच खरी खरेदी.